अशर सिंड्रोम: आधी कान, मग डोळे. नव्या उपचारांत खरं किती?

बातमी मोबाइलवर होती. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानात एक औषध सोडलं आणि काही आठवड्यांत त्याला ऐकू यायला लागलं. दाखवणारी बाई माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई. फोंड्याच्या बाजाराच्या दिवशी पिशव्या हातात घेऊनच ती आमच्या पडवीत येऊन बसली. "सर, हें खरें काय? आमच्या चलयेक मेळटलें?" म्हणजे, आमच्या मुलीला मिळेल का?

तिच्या मुलीला मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली. दोन्ही कानांना मशिनं, पहिल्या बाकावर बसायची, माझ्या ओठांकडे बघून टिपणं काढायची. आता ती एकोणीस वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत जत्रेला रात्री देवळाच्या पायऱ्या उतरताना अडखळते, शिगम्याच्या गर्दीत बाजूने आलेला माणूस तिला दिसत नाही. घरच्यांना वाटलं, पोर वेंधळी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की दृष्टिपटल खराब होतंय आणि कान-डोळे मिळून हा अशर सिंड्रोम असू शकतो.

बातमी खरी आहे. ती या मुलीची मात्र नाही. तसं का, आणि तिच्यासाठी वेगळं काय चाललंय, हे त्या माऊलीला सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. गोव्यात अशी आणखी घरं असतील, म्हणून तेच इथे लिहून ठेवतो.

अशर म्हणजे काय?

चार्ल्स अशर हे स्कॉटलंडमधले नेत्रतज्ज्ञ. बहिरेपणा आणि हळूहळू जाणारी दृष्टी या दोन गोष्टी काही कुटुंबांत जोडीनेच येतात आणि त्या आनुवंशिक आहेत, असं त्यांनी १९१४ मध्ये मांडलं. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी अशा भावंडांचं वर्णन १८५८ मध्येच केलं होतं, पण नाव अशर यांचं राहिलं. आनुवंशिक कारणाने कान आणि डोळे दोन्ही जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं याच आजाराची असतात.

जगभरच्या पाहण्यांवरून लाखात ४ ते १७ लोकांना हा आजार असावा असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे होती. गुणाकार केला तर साठ ते अडीचशे माणसं होतात. ही काही मोजणी नव्हे. पण म्हापशापासून काणकोणापर्यंत अशी माणसं असणार आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या आजाराचं नावही ठाऊक नसणार, इतकं यावरून नक्की कळतं.

डोळ्यांत जे होतं त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. डॉक्टर नुसतं "आरपी" म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश पकडणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचं दिसणं आकसतं. शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं. तेही एकदम जात नाही. पुष्कळांना चाळिशी-पन्नाशीपर्यंत किंवा त्याही पुढे वाचण्यापुरतं दिसतं.

कान कुठे, डोळे कुठे: एकाच दोषाने दोन्ही का?

हा प्रश्न वर्गातही मुलं हमखास विचारायची. आपल्या शरीरातली प्रत्येक वस्तू बनवायची कृती जनुकांत लिहिलेली असते. एका जनुकात साधारण एका प्रथिनाची कृती. आणि तेच प्रथिन शरीरात दोन ठिकाणी वापरलं जाऊ शकतं, जसं सुंभ विहिरीवरही लागतं आणि होडी बांधायलाही.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्यात पंधरा-सोळा हजार केशपेशी. प्रत्येकीच्या डोक्यावर पायऱ्यांसारखे लहानमोठे केस, आणि प्रत्येक आखूड केसाचं टोक शेजारच्या लांब केसाला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं. आवाजाने केस कलले की धागा ताणला जातो आणि एक दार ओढून उघडतो. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतांतली मानस, म्हणजे पाण्याची झडप, आठवा. पाण्याचा जोर बदलला की तिचं दार आपसूक हलतं, पाणी आत-बाहेर होतं. केशपेशीचं दार उघडलं की विद्युतभारित कण आत येतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. तो धागा दोन प्रथिनांचा बनतो, आणि त्या दोन्ही प्रथिनांची जनुकं अशरच्या यादीत आहेत. धागा नाही तर दार उघडत नाही, आणि दार उघडलं नाही तर संदेश निघत नाही. ही रचना जन्माआधीच घडायची असते, म्हणून बहिरेपणा बहुधा जन्मतःच असतो.

डोळ्यातल्या प्रकाशपेशीचे दोन भाग असतात. आतल्या भागात माल तयार होतो, बाहेरच्या भागात प्रकाश पकडला जातो. मध्ये एक अरुंद पूल. सगळा माल त्या एकाच पुलावरून जायचा. अशरची प्रथिनं या पुलाच्या आसपास कामाला असतात. ती नीट नसली तरी पेशी सुरुवातीला तग धरते. वर्षानुवर्षं माल अडखळत गेला की खंगून मरते. मंद उजेडासाठीच्या दंडपेशी, एका डोळ्यात साधारण १२ कोटी, आधी जातात. रंग आणि बारीक अक्षरं बघणाऱ्या साठेक लाख शंकुपेशी नंतर.

कान जन्मतःच अडलेला आणि डोळा दहा-वीस-तीस वर्षं झिजत जाणारा, हा फरक मनात धरून ठेवा. नव्या उपचारांची सगळी धाव त्या मधल्या वर्षांत शिरण्याची आहे.

प्रकार तीन, जनुकं दहाच्या आसपास

पहिल्या प्रकारात मूल जन्मतः जवळजवळ काहीच ऐकत नाही आणि तोल सांभाळणारा कानाचा भागही काम करत नाही. म्हणून ते उशिरा चालतं, बहुधा दीड वर्षानंतर. डोळ्यांचा त्रास दहा वर्षांच्या आतच सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात बहिरेपणा मध्यम ते तीव्र, तोल ठीक, आणि रातांधळेपणा किशोरवयात. या मुलांना जाड आवाज येतो, पण वरच्या पट्टीतले स, श, च असे आवाज निसटतात. "सर" म्हटलेलं "अर" ऐकू येतं. तिसरा प्रकार विरळा. त्यात ऐकूही हळूहळूच कमी होतं.

पहिल्या प्रकाराबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपण समुद्राकाठी राहतो. तोलाचं इंद्रिय बंद असलेल्या माणसाला पाण्याखाली, काळोखात किंवा गढूळ पाण्यात वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळत नाही. पोहता येणारं मूलही पृष्ठभागाऐवजी तळाकडे जाऊ शकतं. अशा मुलाला नदीत, तळीत, दर्यात एकटं सोडू नका. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही.

"आमच्या घरात कोणालाच नव्हतं. मग आलं कुठून?"

त्या माऊलीने हा प्रश्न मान खाली घालून विचारला. सासरी तिला काय काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज आला. ग्रहणात बाहेर गेलीस, दृष्ट लागली, माहेरचं रक्त.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. अशरमध्ये एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एक बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणूस धडधाकट. त्याला वाहक म्हणतात. वाहकाला ते आयुष्यभर कळतही नाही. नवरा-बायको दोघंही एकाच जनुकाचे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. म्हणजे बिघडलेली प्रत मुलीला आईकडून एक मिळाली आणि बापाकडूनही एक. दोष द्यायचाच असेल तर निम्मा-निम्मा वाटावा लागेल, आणि खरं तर तो कोणाचाच नाही.

मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे पूर्वापार चालत आलं आहे. तिथे दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हे स्पष्ट सांगायला हवं. पण नात्याबाहेर लग्न झालेल्या घरांतही अशरची मुलं जन्मतात. या मुलीच्या आईबापांचं नातं काहीच नाही.

बातमीतलं इंजेक्शन या मुलीला का नाही?

ज्या उपचारामुळे ही बातमी झाली तो ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाच्या दोषावरचा आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयातला अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मुलांना उपचार दिला, पाच जणांचं ऐकणं सुधारलं. मला तो वाचताना खरंच भरून आलं होतं. तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो की आतल्या कानाचा जन्मजात बहिरेपणा औषधाने बरा होत नाही.

पण त्या मुलांच्या केशपेशी शाबूत असतात. धागे आहेत, दारं उघडतात, फक्त पेशीकडून नसेकडे निरोप पोचत नाही. टेलिफोन चांगला आणि वायर तेवढी सुटलेली, असा प्रकार. वायर जोडली की काम झालं. अशरमध्ये टेलिफोनच नीट घडलेला नसतो. २०१७ मध्ये बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी अशरच्या एका प्रकारातल्या उंदराच्या पिल्लांना चांगलं जनुक दिलं, आणि ती ऐकू लागली, त्यांचा तोलही सुधारला. पण ही पिल्लं नुकती जन्मलेली होती, आणि उंदराचा कान जन्मानंतरही काही दिवस घडत असतो. माणसाचं बाळ पोटात असतानाच ऐकायला लागतं. उंदराला जन्मानंतर जी संधी मिळते, ती आपल्या बाळांच्या बाबतीत बहुधा जन्माआधीच निघून जाते. म्हणून अशरच्या कानासाठी जनुक-उपचार अजून प्रयोगशाळेत आहे आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्या डोळ्यांच्या आहेत.

कानासाठी जे आज आहे, ते थोडं नाही

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्याच्या ओढीत हातातलं सुटतं.

पहिल्या प्रकारच्या मुलाला साध्या मशीनचा उपयोग फारसा होत नाही. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट लागतं. बंद पडलेल्या केशपेशींना बाजूला ठेवून ते थेट नसेला विजेचे संदेश देतं. ते जितकं लवकर, तितकी भाषा चांगली येते. नियम असा: एका महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या जन्मतः बहिऱ्या मुलांना इम्प्लांट मोफत मिळतं. ते काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. पाच वर्षांची ती अट हुकली तर फार महागात पडते.

अशरच्या मुलाला लवकर ऐकू येण्याचं महत्त्व इतर बहिऱ्या मुलांपेक्षाही जास्त आहे. ओठ वाचणं आणि हातांच्या खुणा हे दोन्ही डोळ्यांवर चालतं, आणि तेच डोळे पुढे आकसणार आहेत. खुणांची भाषा सोडा असं मी म्हणत नाही. ती पुढे हातात हात घेऊन स्पर्शानेही बोलता येते. पण कानाची वाट जमेल तितकी मोकळी असावी.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर मशिनात ओल शिरते, आवाज खरखरतो, घरचे म्हणतात पोर ऐकतच नाही. रात्री मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एका मुलाचं इम्प्लांटचं बाहेरचं यंत्र बंद पडलं तेव्हा विकणाऱ्यांनी सुटा भाग आणायला इतके महिने घेतले की त्याचं शाळेचं अर्धं वर्ष शांततेत गेलं. घेतानाच विचारून ठेवा: दुरुस्ती कुठे, किती दिवसांत, तोवर बदली यंत्र देणार का?

डोळा: होडी लहान, ओझं मोठं

डोळ्यात जनुक-उपचार चालू शकतो हे सिद्ध झालेलं आहे. आरपीई६५ या दुसऱ्याच एका जनुकाच्या दोषावर लक्स्टर्ना नावाच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी मिळाली. पद्धत अशी: एका निरुपद्रवी विषाणूच्या आतलं काढून टाकायचं, तिथे चांगलं जनुक भरायचं आणि शस्त्रक्रिया करून दृष्टिपटलाखाली सोडायचं. विषाणू पेशीत शिरतो आणि माल उतरवतो.

तो विषाणू म्हणजे एक छोटी होडी समजा. तिच्यात जेमतेम ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो. आरपीई६५ त्यात आरामात बसतं. अशरच्या पहिल्या प्रकारातलं सगळ्यात जास्त आढळणारं जनुक, एमवायओ७ए, साडेसहा हजारांच्या वर. दुसऱ्या प्रकारातलं यूएसएच२ए तर साडेपंधरा हजार. होडीत ट्रक चढवायला निघाल्यासारखं.

मोठी होडी वापरून पाहिली गेली. दुसऱ्या जातीच्या मोठ्या विषाणूतून एमवायओ७ए देण्याची चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली. पुढे कंपनीने ते काम थांबवलं. आता दोन होड्यांची युक्ती आहे. ट्रक सुटा करायचा, अर्धा एकीत आणि अर्धा दुसरीत चढवायचा, पलीकडच्या धक्क्यावर जोडायचा. शांघायच्या कानाच्या उपचारातही जनुक असंच दोन तुकड्यांत नेलं होतं. इटलीतल्या शास्त्रज्ञांच्या कामातून उभ्या राहिलेल्या आवांतगार्द या कंपनीने नेपल्समध्ये २०२४ साली अशरच्या रुग्णाला पहिल्यांदा असा डोस दिला. अडचण ही की दोन्ही होड्या एकाच पेशीत पोचाव्या लागतात. काही पेशींत एकच पोचते, तिथे काही उपयोग नाही. या चाचणीचा पहिला उद्देश औषध सुरक्षित आहे का हे बघण्याचा आहे. डोळे बरे होण्याचं आश्वासन तिने दिलेलं नाही.

नाटकातला चुकलेला प्रवेश

यूएसएच२ए इतकं लांब की दोन होड्यांतही बसत नाही. तिथे वेगळी कल्पना लढवली गेली, आणि मला ती सगळ्यांत आवडते.

आपल्या गावांत जत्रेला, काल्याला मराठी नाटक होतं. समजा, संहितेच्या तेराव्या प्रवेशात छापखान्याने एक अक्षर गाळलं. पुढची सगळी वाक्यं सरकली आणि भलत्याच जागी "पडदा पडतो" असं वाचलं गेलं. नाटक अर्ध्यावर बंद. आता प्रॉम्प्टर शहाणा असेल तर? तो तेरावा प्रवेश पूर्ण गाळून थेट चौदाव्याचा शब्द पुरवतो. प्रेक्षकांना थोडं तुटक वाटेल, पण नाटक शेवटापर्यंत जाईल.

यूएसएच२ए जनुकाचा मजकूर अशाच तुकड्यांत आहे. त्यांना एक्झॉन म्हणतात. तेराव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर गळण्याचा दोष अशरच्या रुग्णांत पुष्कळ सापडतो. अल्टेव्हर्सन नावाचं औषध त्या प्रॉम्प्टरचं काम करतं. पेशी जनुक वाचत असताना ते तेरावा तुकडा झाकून टाकतं. सुदैवाने हा तुकडा काढला तरी पुढची वाक्यं सरकत नाहीत, आणि जे थोडं आखूड प्रथिन बनतं ते काम करू शकेल असा अंदाज आहे. हे औषध डोळ्यात इंजेक्शनने देतात. दृष्टिपटलाखालची शस्त्रक्रिया लागत नाही. मूळ जनुक बदलत नाही, म्हणून ठरावीक महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

या औषधाची कथा मी त्या माऊलीला मुद्दाम सांगितली. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आशा दिसली. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोक्यूआर कंपनीने दोन मोठ्या चाचण्या सुरू केल्या. दोनच महिन्यांनी त्याच कंपनीचं डोळ्याच्या दुसऱ्या आजारावरचं औषध अपयशी ठरलं, पैशाची ओढाताण झाली आणि या चाचण्याही अर्ध्यावर थांबल्या. औषध वाईट ठरलं म्हणून नव्हे. २०२३ मध्ये फ्रान्सच्या थिआ कंपनीने ते विकत घेतलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये लूना नावाने नवी चाचणी सुरू झाली. तीन वर्षं अशीच गेली. ज्यांचे डोळे त्या तीन वर्षांत आकसले त्यांचा विचार मनातून जात नाही.

जनुक कुठलंही असलं तरी चालेल असं काही?

त्यावरही काम आहे. एन-अॅसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारं जुनं औषध. दंडपेशी मेल्यावर शंकुपेशींना ऑक्सिजनचा मारा सोसवत नाही. तो हे औषध कमी करील का, हे बघणारी चारशेहून अधिक आरपी रुग्णांची मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. ती काही वर्षं चालेल. तोवर हे औषध दुकानातून आणून मनाने घेऊ नका. ओसीयू४०० नावाचा आणखी एक उपचार पेशीच्या कारभाराची घडीच सावरू पाहतो. तो करणारी ऑक्युजेन कंपनी कोव्हॅक्सिनसाठी भारत बायोटेकची अमेरिकेतली भागीदार होती. त्याची शेवटच्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

आणि ज्यांच्या प्रकाशपेशी पूर्ण गेल्या त्यांच्यासाठी ऑप्टोजेनेटिक्स: दृष्टिपटलातल्या, जिवंत उरलेल्या इतर पेशींनाच प्रकाश ओळखायला शिकवायचं. २०२१ मध्ये आरपीने अंध झालेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना या पद्धतीने, खास चष्मा लावून, टेबलावरची वस्तू कुठे आहे ते सांगता आलं. चेहरे ओळखता आले नाहीत. तरी वर्षानुवर्षांच्या काळोखानंतर टेबलावरची वस्तू दिसणं ही लहान गोष्ट नाही.

याच वाटेवरची एक दुखरी गोष्ट म्हणजे आर्गस-२, डोळ्यात बसवायचं विजेचं यंत्र. साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतलं. मग कंपनीने ते बनवणं सोडलं, आणि लोकांच्या डोळ्यांत दुरुस्ती नसलेली यंत्रं राहिली.

"पण अमुक ठिकाणी पैसे भरून लगेच करतात म्हणे"

स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, नावाने हे फार चालतं. त्या माऊलीला एका एजंटाचा फोन येऊन गेला होता. दोन लाख, दोन इंजेक्शनं, "गॅरंटी". अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांनी पोटाच्या चरबीतून काढलेल्या असल्याच पेशी दोन्ही डोळ्यांत घेतल्या. त्यांना दृष्टिपटलाचा दुसरा आजार होता, पण थोडंफार दिसत होतं. तेही जवळजवळ गेलं. हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. भारतात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच.

खरी चाचणी ओळखायची सोपी खूण म्हणजे तिथे औषधाचे पैसे मागत नाहीत. भारतातली चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत सापडायला हवी. ती यादी कोणीही मोबाइलवर बघू शकतो. आणखी एक. भलत्या ठिकाणी डोळ्यात काही टोचून घेतलं तर पुढे खऱ्या चाचणीत घेत नाहीत.

खर्च, आणि केव्हा?

लक्स्टर्नाची दोन डोळ्यांची किंमत अमेरिकेत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे सात कोटी रुपयांच्या आसपास. आपल्या पगाराच्या माणसाला हा आकडा ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पण चाचणीत खर्च कंपनीचा असतो. आणि जनुकाचे दोष सापडलेले किती रुग्ण भारतात आहेत याची नोंदच नसेल तर इथे चाचणी आणायला कोणाला कारण उरत नाही.

म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: जनुक-तपासणी करून घ्या. नुसतं "आरपी" किंवा "अशर" या निदानाने कुठल्याच चाचणीचं दार उघडत नाही. कोणतं जनुक, कोणता एक्झॉन, दोन्ही प्रतींत काय, हे कागदावर हवं. रक्ताच्या एका नमुन्यावर ते होतं. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय आनुवंशिक दृष्टिपटल-रोगांचं काम बरीच वर्षं करत आहेत. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांच्या आणि कानाच्या विभागांत आपण नियमित दाखवत असाल तर तिथल्या डॉक्टरांना थेट विचारा. आणि उलट दिशेनेही: जन्मतः बहिऱ्या प्रत्येक मुलाचे डोळे एकदा दृष्टिपटलतज्ज्ञाने बघावेत. ईआरजी नावाच्या तपासणीत रातांधळेपणा जाणवण्याआधीही दोष दिसू शकतो.

वाट बघताना करण्यासारखं पुष्कळ आहे. आरपीच्या माणसाला मोतीबिंदू लवकर होतो आणि दृष्टिपटलाच्या मधोमध सूज येऊ शकते. या दोन्हींवर उपचार आहेत. "हे तुझं आरपीच वाढलंय" म्हणून घरी बसलेल्या किती जणांचं दिसणं त्याने परत मिळालं असतं. रातांधळेपणा म्हटल्यावर कोणीतरी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देतो. इथे कमतरता जीवनसत्त्वाची नाही, आणि जास्त मात्रा यकृताला व गर्भाला घातक आहे. स्कूटर हा आपल्याकडे घराघरातला वादाचा विषय. कडेचं दिसणं मोजून घेतल्याशिवाय चालवू देऊ नका, आणि रात्री नकोच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहु-विकलांगतेखाली "बधिरांधत्व" नावानिशी आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढताना कान आणि डोळे दोन्ही नोंदवा. पुष्कळ जण फक्त बहिरेपणावर थांबतात. मुंबईची हेलन केलर संस्था आणि अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया याच कामात आहेत. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, तिथे अशी कुटुंबं एकमेकांना भेटू शकतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी दिसली तर त्या माणसाला ऐकूही कमी येतं, हेही आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

त्या मुलीचा अहवाल पावसाळा संपताना आला. यूएसएच२ए. एका प्रतीत तेराव्या एक्झॉनमधला दोष, दुसऱ्या प्रतीत वेगळाच. म्हणजे तो प्रॉम्प्टर पुढेमागे तिच्या एका प्रतीला उपयोगी पडू शकतो. तिची नेत्रतज्ज्ञ आता दर वर्षी तिच्या दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढून ठेवते, कारण चाचणीत घेताना झीज किती वेगाने होतेय हे मागचे कागद पाहून ठरवतात. तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत घरच्यांनी जमिनीलगत दिवे लावले आहेत.

धाकटा भाऊ सातवीत आहे. ऐकू नीट येतं, दृष्टिपटलही तपासून घेतलं, स्वच्छ आहे. तो वाहक आहे का, हे आताच बघून टाकूया असं वडिलांचं म्हणणं होतं. समुपदेशकाने नको म्हटलं: त्याला आज त्याचा काही उपयोग नाही, आणि ही माहिती त्याची आहे. अठरा वर्षांचा झाला की त्याला विचारायचं, असं ठरलं आहे.